बातमीतला तांत्रिक शब्द तपासायचा कसा: क्युसेकपासून क्लीन चिटपर्यंत

‘धरणातून सकाळी २० हजार आणि सायंकाळी ३० हजार असे एकूण ५० हजार क्युसेक पाणी सोडले.’ ‘संशयिताला न्यायालयीन कोठडी मिळाल्याने पोलीस आता कसून चौकशी करणार.’ ‘शासनाने अध्यादेश काढून अनुदान दुप्पट केले.’ तिन्ही वाक्ये वाचायला सुरळीत आहेत आणि तिन्ही चूक आहेत. अशी वाक्ये रोज छापली जातात, वाहिन्यांच्या पट्टीवर धावतात आणि तिथून सोसायटीच्या ग्रुपवर जातात.

चूक बहुधा अज्ञानातून होत नाही, सवयीतून होते. एकच शब्द दोनदा आला की लिहिणाऱ्याचा हात अडतो आणि तो पर्यायी शब्द शोधतो. निबंधात ते शोभते. तांत्रिक शब्दाला मात्र पर्याय नसतो. ‘शासन निर्णय’ चार वेळा आला तर चार वेळा तेच लिहायचे. तिसऱ्यांदा ‘अध्यादेश’ आणि चौथ्यांदा ‘आदेश’ लिहिले की बातमी बदलते.

पुढची पद्धत बातमीदार, उपसंपादक, जनसंपर्क विभागात मजकूर लिहिणारे आणि माहितीचे लेख लिहिणारे, सर्वांना चालेल. नुसते वाचणाऱ्यालाही पुढे पाठवण्याआधी ती वापरता येते.

## तयारी: बसण्याआधी काय जवळ असावे

मूळ कागद हाताशी असल्याशिवाय तपासणी सुरू करू नका. दुसऱ्या बातमीवरून बातमी तपासणे म्हणजे तीच चूक दोनदा वाचणे. कोणत्या विषयाला कोणता कागद, ते असे:

- धरण आणि पूर: जलसंपदा विभागाचे त्या दिवसाचे पत्रक. त्यात साठा, आवक आणि विसर्ग हे तीन वेगळे रकाने असतात.
- पाऊस: भारतीय हवामान विभागाची नोंद आणि इशाऱ्याचे पत्रक.
- गुन्हा: प्राथमिक माहिती अहवालाची प्रत आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत. वकिलाने दारात दिलेली प्रतिक्रिया हा कागद नव्हे.
- सरकारी निर्णय: शासनाच्या संकेतस्थळावरची मूळ प्रत.

सोबत साधा कॅल्क्युलेटर आणि दोन रंगांची पेन. पडद्यावर काम करत असाल तर दोन रंगांचे हायलाइट.

मजकूर एकदा सलग वाचा आणि काहीही दुरुस्त करू नका. दुसऱ्या वाचनात प्रत्येक आकड्याला आणि त्याच्या एककाला एका रंगाची खूण करा, आणि कायदा, प्रशासन, हवामान, आरोग्य यांतल्या प्रत्येक शब्दाला दुसऱ्या रंगाची. मग खूण केलेल्या प्रत्येक जागी तीन प्रश्न विचारा: हे कशात मोजले आहे? ही गोष्ट कोणत्या टप्प्यावर आहे? हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा आहे? पुढचे टप्पे म्हणजे याच तीन प्रश्नांचा वेगवेगळ्या विषयांतला वापर आहे.

सावधान: मथळा आधी दुरुस्त करायला जाऊ नका. आतला आकडा बदलला की मथळा पुन्हा बदलावा लागतो आणि घाईत नेमका तोच राहून जातो.

## टप्पा १: आकड्याचे एकक तपासा

सुरुवात एककापासून करायची, कारण एकक चुकले की त्यावर उभे असलेले सगळे विश्लेषण कोसळते. महाराष्ट्रातल्या बातम्यांत सर्वांत जास्त गोंधळ पाण्याचा असतो.

टीएमसी हे साठ्याचे माप आहे: एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे १०० कोटी घनफूट. लिटरमध्ये साधारण २,८३२ कोटी. क्युसेक हे वेगाचे माप आहे: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. ‘सेकंदाला’ हा भाग क्युसेकच्या पोटातच आहे, त्यामुळे ‘५० हजार क्युसेक प्रति सेकंद’ हे लिहिणे चूक. आणि वेगांची बेरीज होत नाही. सकाळी २० हजार क्युसेकने आणि सायंकाळी ३० हजार क्युसेकने पाणी सोडले असेल, तर ‘विसर्ग २० हजारांवरून ३० हजार क्युसेकपर्यंत वाढवला’ असे लिहायचे. पन्नास हजार हा आकडा कुठेच अस्तित्वात नाही.

किती पाणी गेले हे सांगायचे असेल तर वेळ लागते. एक आकडा लक्षात ठेवा: ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालला की एक टीएमसी पाणी जाते. ५० हजार क्युसेकचा विसर्ग पूर्ण दिवस चालला तर सुमारे ४.३ टीएमसी. कोयनेची एकूण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. ‘कोयनेतून एका रात्रीत ३० टीएमसी पाणी सोडले’ असा मजकूर समोर आला, तर या एका भागाकाराने तो तिथेच थांबवता येतो.

मराठवाड्यातली पत्रके बऱ्याचदा दलघमीत येतात. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. जायकवाडीचा आकडा दलघमीत आणि उजनीचा टीएमसीत एकाच तक्त्यात ठेवला की वाचकाला जायकवाडी प्रचंड वाटते. तक्त्यात एकच एकक ठेवा.

आता टक्के. उजनी ‘१११ टक्के भरले’ किंवा ‘वजा ५० टक्क्यांवर गेले’ हे वाचून लोक हसतात, पण इथे चूक आकड्याची नाही, न सांगितलेल्या गोष्टीची आहे. ही टक्केवारी एकूण क्षमतेची नसून उपयुक्त साठ्याची असते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातले ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न येणारे तळाचे पाणी, आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त. वजा ५० टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातले सुमारे २६.८ टीएमसी पाणीही वापरले गेले. धरणात तेव्हाही जवळजवळ ३७ टीएमसी पाणी असते. ‘उजनी कोरडे’ हा मथळा म्हणूनच खोटा ठरतो. टंचाई खरी असते, ते वेगळे.

तपासा: टक्केवारीसमोर ‘उपयुक्त साठ्याच्या’ हे दोन शब्द आहेत का? नसतील तर घाला.

विजेत हाच गोंधळ दुसऱ्या रूपात येतो. मेगावॉट ही क्षमता, युनिट ही वापरलेली किंवा तयार झालेली वीज. एक मेगावॉटचे संयंत्र पूर्ण क्षमतेने एक तास चालले की १,००० युनिट तयार होतात. ‘प्रकल्पातून दिवसाला ५ मेगावॉट वीज मिळणार’ या वाक्याला अर्थ नाही. सौर प्रकल्पात तर सूर्य दिवसभर माथ्यावर नसतो. आपल्याकडे एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरतात. ५ मेगावॉट म्हणजे दिवसाला २० हजार युनिटांच्या आसपास, १ लाख २० हजार नव्हे.

परदेशी बातमी मराठीत आणताना मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ही तीन रूपांतरे कागदावर लिहून टेबलावर चिकटवा. घाईत तोंडी केली की एक शून्य हमखास सुटते.

भूकंपाबद्दल एवढेच: ६ आणि ७ रिश्टर यांत ‘थोडा’ फरक नसतो. एक अंक वाढला की जमिनीच्या हेलकाव्याचे मोजमाप १० पट आणि बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे ३२ पट होते. शिवाय एका भूकंपाचा हा आकडा सगळीकडे एकच असतो. ‘लातूरला ४ रिश्टर आणि सोलापूरला ३ रिश्टर जाणवला’ असे होत नाही. गावोगाव बदलतो तो हादऱ्याचा परिणाम.

## टप्पा २: टक्के आणि टक्क्यांचे अंक वेगळे करा

७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने अल्प मुदतीचे कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. ही ०.२५ टक्का-अंकांची, म्हणजे २५ बेसिस पॉइंटची कपात. गणिताने पाहिले तर मूळ दर सुमारे ३.८५ टक्क्यांनी कमी झाला. ‘पाव टक्क्याची कपात’ हे बोलीत चालते, कारण बँकांच्या संदर्भात सगळे त्याचा एकच अर्थ घेतात. मतांची टक्केवारी, निकाल, बेरोजगारी यांत मात्र ते चालत नाही. एखाद्या पक्षाची मते २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेली तर वाढ ५ टक्का-अंकांची आणि मूळ मतांच्या तुलनेत २५ टक्क्यांची. दोन पक्षांसाठी दोन वेगळ्या पद्धती वापरल्या की बातमी नकळत एका बाजूला झुकते.

सोपा उपाय असा की शंका आली तर फरक लिहूच नका, दोन्ही आकडे लिहा. ‘२० वरून २५ टक्के’ यात चुकायला जागा नाही.

महागाई दर ६ वरून ४ टक्क्यांवर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या नाहीत. त्या महागतच आहेत, वेग कमी झाला आहे. ‘महागाई घटली’ हा मथळा बाजारातून पिशवी घेऊन आलेल्या वाचकाला थट्टा वाटतो, आणि त्याचे बरोबर असते. ‘महागाईचा वेग मंदावला’ असे लिहा.

बँकांच्या बातमीत ‘कर्ज निर्लेखित केले’ हे ‘कर्ज माफ केले’ असे उतरते. निर्लेखनात बँक ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढते; कर्जदाराची जबाबदारी आणि वसुलीचा हक्क दोन्ही कायम राहतात. माफीत कर्जदार सुटतो. निर्लेखित कर्जाची वसुली प्रत्यक्षात किती होते हा वादाचा विषय असू शकतो, पण तो वाद शब्द बदलून घालायचा नसतो.

## टप्पा ३: गुन्ह्याची बातमी कोणत्या पायरीवर आहे ते ठरवा

इथे चुकीची किंमत माणसाला मोजावी लागते, म्हणून हा टप्पा सावकाश करा. कागदावर पायऱ्या मांडा आणि बातमी कुठे आहे त्यावर बोट ठेवा.

तक्रार अर्ज → गुन्हा नोंद → ताब्यात घेणे किंवा अटक → कोठडी → जामीन → दोषारोपपत्र → आरोपनिश्चिती → खटला → निकाल → शिक्षा → अपील.

हा क्रम सरसकट सरळ नसतो; अटक न होताही दोषारोपपत्र दाखल होते आणि अटकेआधीही जामीन मिळतो. पण पुढच्या पायरीचा शब्द मागच्या पायरीला लावणे कधीच चालत नाही.

‘गुन्हा दाखल’ म्हणजे पोलिसांनी तक्रारीची नोंद घेतली. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की ती नोंदवणे हे पोलिसांचे कामच आहे; त्याने काहीही सिद्ध होत नाही. ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ एक नव्हे. अटकेची वेळ नोंदली जाते आणि तिथून, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. पोलीस ‘ताब्यात’ म्हणत असतील तर बातमीतही ‘ताब्यात’च लिहा, आणि त्यांना अटकेची वेळ विचारा. त्या प्रश्नाच्या उत्तरातच कधी कधी खरी बातमी असते.

पोलीस कोठडीत माणूस पोलिसांच्या हाती असतो आणि चौकशी होते. न्यायालयीन कोठडीत तो कारागृहात जातो. पोलिसांना तिथे चौकशी करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. सुरुवातीचे वाक्य म्हणूनच उलटे आहे: न्यायालयीन कोठडी झाली म्हणजे पोलिसांच्या हातातून तो सुटला. विशेष कायदे सोडले तर पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हे १५ दिवस तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येतात. ‘न्यायालयीन कोठडीनंतर पुन्हा पोलीस कोठडी कशी?’ असा प्रश्न पडला तर उत्तर इथे आहे. मजकुरात अजून ‘भादंवि’ (भारतीय दंड विधान) दिसत असेल तर गुन्ह्याची तारीख पाहा. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला जुनीच कलमे लागतात. नंतरच्याला भारतीय न्याय संहितेची.

जामीन मिळाला म्हणजे सुटका झाली, निर्दोष ठरला असे नव्हे. ‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्तता’ हेही दोन वेगळे शब्द आहेत: खटला चालवण्याइतकेही साहित्य नाही म्हणून आरोपनिश्चितीआधी वगळले तर दोषमुक्ती, खटला चालून दोष सिद्ध झाला नाही तर निर्दोष मुक्तता.

मग ‘क्लीन चिट’. हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करताना समरी अहवाल देतात आणि त्याचे प्रकार आहेत. ‘अ’ समरी: गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही. ‘ब’ समरी: तक्रारच हेतुपुरस्सर खोटी. ‘क’ समरी: ना खरी ना खोटी, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्हींचे अर्थ एकमेकांपासून इतके दूर असताना तिन्हींना ‘क्लीन चिट’ म्हणणे हा निव्वळ आळस आहे. शिवाय समरी हा पोलिसांचा अहवाल. तो स्वीकारायचा की नाही हे न्यायालय ठरवते.

तपासा: बातमीत ‘क्लीन चिट’ आहे का? असेल तर कोणी दिली, कोणत्या कागदात, आणि न्यायालयाने तो स्वीकारला का, ही तीन उत्तरे मिळेपर्यंत शब्द खोडून ठेवा.

‘शिक्षेला स्थगिती’ आणि ‘दोषसिद्धीला स्थगिती’ यांत एका शब्दाचा फरक, पण त्यावर खासदारकी टिकते किंवा जाते. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याने सदस्य अपात्र ठरतो. नुसती शिक्षा थांबली तर माणूस तुरुंगाबाहेर राहतो, अपात्रता कायम राहते. राहुल गांधी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी दोषसिद्धीला स्थगिती दिली, म्हणूनच ७ ऑगस्टला सदस्यत्व परत मिळाले. आदेशाची प्रत उघडा आणि कोणता शब्द आहे तो बोट ठेवून वाचा.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, हा समज जुना आणि चिवट आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. १४ वर्षांचा आकडा येतो तो दुसऱ्या नियमातून: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला सरकार शिक्षेत सूट देऊन १४ वर्षे पूर्ण होण्याआधी सोडू शकत नाही. ती किमान मर्यादा आहे, हक्काची मुदत नाही.

न्यायमूर्ती सुनावणीत जे बोलतात ते तोंडी निरीक्षण. आदेशात उतरले तरच तो आदेश. ‘न्यायालयाने सरकारला फटकारले’ या बातमीखाली प्रत्यक्षात फक्त नोटीस निघालेली असते. तेवढेच लिहा.

## टप्पा ४: सरकारी कागदाचे नाव कागदावरूनच घ्या

मराठी बातमीतली सर्वांत पक्की चूक म्हणजे शासन निर्णयाला अध्यादेश म्हणणे. कारणही समजण्यासारखे आहे. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते. राज्यपाल आणि आदेश हे दोन शब्द शेजारी दिसले की हात आपोआप ‘अध्यादेश’ लिहितो. पण राज्याचा प्रत्येक कार्यकारी आदेश राज्यपालांच्या नावानेच निघतो, अगदी बदलीचासुद्धा.

- विधेयक: सभागृहात मांडलेला मसुदा. दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राज्यपालांची, काही बाबतींत राष्ट्रपतींची, संमती मिळाली की अधिनियम.
- अध्यादेश: विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी घटनेच्या २१३ व्या कलमाखाली काढलेला, कायद्याइतकाच ताकदीचा. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर संपतो.
- अधिसूचना: आधीच असलेल्या कायद्याने दिलेला अधिकार वापरून राजपत्रात प्रसिद्ध केलेली. मसुदा अधिसूचना असेल तर ती लागू झालेली नसते. हरकती आणि सूचना मागवलेल्या असतात.
- शासन निर्णय: विभागाचा कार्यकारी निर्णय. त्याने कायदा बदलत नाही.
- परिपत्रक: कार्यालयांना दिलेली सूचना.

२६ जानेवारी २०२४ रोजी ‘सगेसोयरे’ शब्दाच्या व्याख्येबाबत निघालेला कागद मसुदा अधिसूचना होता. अनेक ठिकाणी तो ‘अध्यादेश’ म्हणून पोहोचला, आणि जी गोष्ट अजून हरकतींसाठी खुली होती ती लागू झाली असे लोकांना वाटले. कागदाच्या वरच्या भागात त्याचे नाव छापलेले असते. ते जसेच्या तसे उतरवणे एवढेच काम आहे.

कामांच्या बातम्यांत ‘मंजुरी’ हा शब्द असाच फसवा. रस्ता किंवा पूल यांच्या बाबतीत क्रम असा: अर्थसंकल्पात तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. लोकप्रतिनिधीचे पत्रक पहिल्या पायरीलाच ‘रस्ता मंजूर, कोट्यवधींचा निधी आणला’ म्हणते. तुम्ही पायरीचे नाव लिहा. तरतूद म्हणजे निधी वितरित झाला असे नाही आणि वितरित म्हणजे खर्च झाला असेही नाही.

सावधान: ‘तत्त्वतः मान्यता’मधला ‘तत्त्वतः’ जागेअभावी कापू नका. सगळा अर्थ त्याच शब्दात आहे.

## टप्पा ५: हवामानाचे शब्द हवामान विभागाच्या मापाने

एका तासात सुमारे १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस, तोही लहान क्षेत्रावर, साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर, तेव्हा ढगफुटी. म्हणजे तासाची नोंद हवी. २४ तासांच्या आकड्यावरून ढगफुटी ठरत नाही, तो कितीही मोठा असो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नुसता हा आकडा हातात असेल तर तेवढाच लिहायचा. गावकरी ‘ढगफुटी झाली’ म्हणतात ते त्यांचे वर्णन. ‘ढगफुटीसारखा पाऊस’ असे अवतरणात द्या किंवा मोजमाप द्या.

२४ तासांसाठीच्या श्रेणी अशा: ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. ही नोंद सकाळी साडेआठला घेतली जाते आणि मागच्या २४ तासांची असते. सोमवारच्या नोंदीतला बराचसा पाऊस रविवारी पडलेला असतो, हे तारीख लिहिताना विसरले जाते.

‘अतिवृष्टी’ मात्र हवामान विभागाकडून नव्हे, महसूल यंत्रणेकडून येते: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. नुकसानभरपाई या मापावर मोजली जाते. ‘दुष्काळ’ आणि ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हेही वेगळे: २०२३ मध्ये राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्याबाहेरच्या अनेक मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती. ‘ओला दुष्काळ’ ही मागणी आहे, दुष्काळ संहितेतली श्रेणी नाही. ‘ओला दुष्काळ जाहीर करण्याची मागणी’ असे लिहिता येते. सरकारने मदत दिली म्हणून ‘ओला दुष्काळ जाहीर’ असे लिहिता येत नाही.

उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सिअस असावे लागते, शिवाय ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त हवे. मैदानी भागात ४५ अंश गाठले की मात्र ही दुसरी अट लागत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात ४३ अंश म्हणजे आपोआप लाट नव्हे. मुंबईत मार्चमध्ये ३८ अंशांना ती असू शकते.

## टप्पा ६: आजाराचे नाव डॉक्टरांकडून, अंदाजाने नाही

निधनवार्तेत ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ हे शब्द ठशासारखे उमटतात. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी अडते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखते, घाम येतो. हृदयक्रिया अचानक बंद पडणे ही वेगळी घटना: माणूस कोसळतो, प्रतिसाद देत नाही, श्वास नीट चालत नाही, आणि लगेच छाती दाबून पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करावे लागतात. झटक्यामुळे हृदय बंद पडू शकते, पण दोन्ही एक नव्हेत. कारण कळले नसेल तर ‘निधन झाले’ पुरेसे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा ‘जीबीएस विषाणू’ आणि ‘जीबीएसची लागण’ असे सर्रास लिहिले गेले. जीबीएस विषाणू नाही आणि एकाकडून दुसऱ्याला होत नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, त्यातून तो होतो. पसरू शकतो तो आधीचा संसर्ग, उदाहरणार्थ दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आलेला जिवाणू. शब्द चुकल्याने लोक पाणी उकळण्याऐवजी शेजाऱ्याला टाळू लागतात.

तपासा: विषाणू की जिवाणू? डेंग्यू, स्वाइन फ्लू विषाणूमुळे. लेप्टोस्पायरोसिस, क्षय, कॉलरा जिवाणूमुळे. मलेरिया या दोन्हींत बसत नाही, तो परजीवीमुळे होतो. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, म्हणून इथली चूक औषधाच्या दुकानापर्यंत जाते.

## टप्पा ७: आता मथळा, पट्टी आणि फोटोओळ

आतला मजकूर पक्का झाल्यावर मथळ्यातला प्रत्येक तांत्रिक शब्द आतल्या शब्दाशी जुळवा. जागा कमी असेल तर शब्द गाळा, बदलू नका. ‘मसुदा अधिसूचना प्रसिद्ध’ बसत नसेल तर ‘मसुदा प्रसिद्ध’ चालेल, ‘अध्यादेश जारी’ नाही. ‘दोषी’, ‘लागण’, ‘मंजूर’, ‘माफ’, ‘जाहीर’ हे पाच शब्द मथळ्यात दिसले की पुन्हा मूळ कागदाकडे जा. अर्धवट घडलेली गोष्ट पूर्ण झाल्यासारखी दाखवण्याचे काम हेच शब्द करतात. मथळा झाला की फोटोओळ, मग समाजमाध्यमावरचा मजकूर. हे दोन्ही वेगळी माणसे लिहितात आणि त्यांच्या हातात बहुधा जुनी कॉपी असते.

## चूक छापून गेल्यावर

ऑनलाइन मजकुरात शब्द गुपचूप बदलू नका. वर किंवा खाली एक ओळ द्या: ‘आधीच्या मजकुरात शासन निर्णयाचा उल्लेख अध्यादेश असा झाला होता. दुरुस्ती केली आहे.’ चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही शब्द त्यात हवेत, नाहीतर आधी वाचलेल्याला काय बदलले ते कळत नाही. मथळा चुकला असेल तर पानाचा दुवाही पाहा, कारण अनेकदा मथळा सुधारला तरी दुव्यात जुनेच शब्द राहतात. ग्रुपवर पाठवलेला संदेश आधी काढून टाका आणि मग दुरुस्त मजकूर स्वतंत्र संदेश म्हणून टाका. मूळ संदेशाला उत्तर म्हणून दिलेली दुरुस्ती पुढे जात नाही. पुढे जातो तो मूळ संदेश.